घाट उतरताना ‘डी’ पुरत नाही

आमच्या जठारपेठेत अलीकडे डाव्या पायाला सुट्टी दिलेले चालक वाढले आहेत. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या पुण्यातल्या मुलाने हट्ट धरला, कुणाला गर्दीत क्लच दाबून दाबून वीट आला, आणि दारात ऑटोमॅटिक गाडी आली. पूर्वी ही चैन बहुतेक मोठ्या गाड्यांपुरती होती. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आपोआप गिअर बदलणाऱ्या रूपात आली आणि ही सोय छोट्या गाड्यांतही अधिक दिसू लागली.

अकोल्यात दांडा ‘डी’वर ठेवला की काम भागते. आपला मुलूख सपाट, काळ्या मातीचा. पण बाशी ईद असो की तान्हा पोळा, घरात एकच गलका होतो: चला चिखलदऱ्याला! दर्यापूर, अंजनगाव करत परतवाड्यापर्यंत रस्ता मैदानी. पुढे घटांगवरून जा की धामणगाव गढीवरून, घाट काही चुकत नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, म्हणून माणूस सावध असतो. उतरताना गाडी आपसूक पळते, पोरे खिडकीतून धुके बघतात, आणि चालकाचा पाय मात्र सारखा ब्रेकवर असतो. धोका तिथे आहे.

जरा हिशेब करू. माणसांसह बाराशे किलोची गाडी सहाशे मीटर खाली आली, तर त्या उताराची सगळी शक्ती कुठेतरी जिरायला हवी. ती केवळ ब्रेकने जिरवली तर तिची उष्णता होते, आणि ती वीस लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. वीस लिटर म्हणजे पिण्याच्या पाण्याचा मोठा जार! एवढी आच चार चाकांच्या ब्रेकनी सोसायची. वाऱ्याने थोडी निवते, पण पाय सतत दाबलेला असेल तर ब्रेक तापतात, त्यांची पकड कमी होते. ब्रेकच्या नळ्यांतले तेल हवेतला ओलावा शोषते. जुने, ओलावलेले तेल लवकर उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल पोकळ लागते. म्हणून हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते.

यावर उपाय आहे खालचा गिअर. जुने ट्रकवाले सांगत, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. खालच्या गिअरात चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना मागे ओढते. ब्रेकवरचा भार हलका होतो. ऑटोमॅटिक गाडीतही ही सोय असते, फक्त ती मागावी लागते. काही गाड्यांत ‘डी’च्या खाली ‘२’ आणि ‘एल’ असतात. काहींत ‘एम’ असून शेजारी अधिक-उणे चिन्हे असतात. काहींत ‘एस’ किंवा ‘बी’ असते. आपल्या गाडीत काय आहे, ते सोबतच्या पुस्तिकेत निघण्यापूर्वीच वाचून घ्यावे.

गाडी आपण होऊन का करत नाही, असे कुणी विचारेल. काही नव्या गाड्या उतार ओळखून थोडेफार करतातही. पण साध्या गिअरपेटीला चाकांचा वेग कळतो, इंजिनाचा भार कळतो. वळणापलीकडची उतरंड तिला दिसत नाही. पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला की तिला वाटते, काम हलके झाले, आणि ती वरचा गिअर टाकते. नेमके नको तेव्हा!

म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा आणि मग खालचा गिअर घ्या. भर वेगात एकदम खाली आणू नका, पावसात चाके घसरू शकतात. इंजिनाचा आवाज वाढला तर घाबरू नका. काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे असला म्हणजे झाले. तरीही वेग वाढला तर ब्रेक नेमका दाबा, वेग उतरवा, सोडा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्या. त्यावर पाणी ओतू नका.

चढावर गाडी थांबली, तर ती अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका. ब्रेक लावा. छोट्या ऑटोमॅटिक गाड्यांत बहुधा क्लच असतोच, फक्त तो यंत्र दाबते. असे तोलल्याने तो जळतो. आणि गाडी सारखी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात घुटमळत असेल, तर दुसरा पक्का करून टाका.

एक समजूत मात्र सोडून द्या. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकणारे आपल्याकडे अजून आहेत. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरात, पाय उचलून उतरताना इंजिनाला इंधन जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागते. म्हणजे बचत तर नाहीच, वर इंजिनाचा आधारही गेला. इंजिन बंद करणे तर त्याहून वाईट. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

आणि अरुंद वळणावर समोरून चढती गाडी आली, तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून तिला वाट द्यावी, असा नियमच आहे. खालच्या गिअरात असलेल्याला हे थांबणे सोपे जाते. घरी पोहोचायला दहा मिनिटे उशीर झाला, तर चहा पुन्हा गरम करता येतो.