दिवसा वीज मागू या



शिरूर आणि दौंड. मधून भीमा वाहते. दोन्ही काठांना ऊस. उसाला पाणी लागते, पाण्याला मोटर लागते आणि मोटरीला वीज लागते. जिथे अजून रात्रीची पाळी आहे, तिथे मध्यरात्री उठायचे, बॅटरी घ्यायची आणि दारे धरायला जायचे. पायाखाली साप, उसात बिबट्या. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबुत भागात बिबट्याने माणसे मारली. त्यांत लहान मुले होती. ती काही रात्री पाणी द्यायला गेली नव्हती, हे खरे. पण आता अंधारात उसात शिरायला घरची माणसे कुणाला सोडतील?

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल सरकार भरते. चांगलेच झाले. पण फुकटची वीज रात्री आली, तर भीती काही कमी होत नाही.

यावर उपाय आहे सौर वीज. काळ्या काचेच्या पाट्यांवर ऊन पडले की वीज तयार होते. ऊन दिवसा, म्हणून वीजही दिवसा. ती मिळायच्या तऱ्हा दोन.

एक तऱ्हा म्हणजे आपल्या विहिरीवरच पाट्या आणि पंप. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने विसावा. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. विहिरीला वर पाणी असेल, त्याला हा पंप बरा. पण चौघांनी मिळून भीमेवरून लांब पाइपलाइन आणली असेल, तर तिथे एवढ्याने भागायचे नाही. आभाळ आले की हा पंप मंदावतो, तेही ध्यानात ठेवा.

दुसरी तऱ्हा सौर कृषी वाहिनीची. उपकेंद्राजवळच्या माळावर पाट्या बसवतात आणि ती वीज शेतीच्या वाहिनीवर सोडतात. आपली मोटर तीच, खांब तेच, तारा त्याच. २०१७ साली ही योजना निघाली. शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला, पहिल्या प्रकल्पांतला एक झाला. २०२३ साली योजनेचा दुसरा टप्पा आला. आम्हांला वाटते, नदीकाठच्या गावांनी हिच्यासाठीच हट्ट धरावा.

आता जागेचे बोलू. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. गायरान मागितले जाईल. तेव्हा गुरांना किती ठेवायचे, हे ग्रामसभेत आधी ठरवा. मुरमाड माळ द्या, गवताची जागा देऊ नका. बायामाणसांनाही सभेला बोलवा बरं का. रात्री दाराशी वाट बघत बसतात त्या.

मग आमदारांना अर्ज करा. दौंडचा मतदारसंघ दौंडचा. शिरूर तालुक्यात मात्र नीट विचारून घ्या, कारण पिंपरखेड, जांबुत ही गावे आंबेगाव मतदारसंघात आहेत. नुसते ‘वीज द्या’ लिहू नका. असे लिहा:

“आमचे गाव अमुक. उपकेंद्र अमुक. वाहिनीचे नाव अमुक. शेतीला वीज अमुक वेळेला येते. आमच्या वाहिनीवर सौर वीज कोणत्या महिन्यापासून येणार, हा प्रश्न आपण विधानसभेत विचारावा. ग्रामसभेचा ठराव जोडला आहे.”

खाली अंगठा नको, आता सही येते. अर्जाच्या दोन प्रती करा. एक त्यांना द्या आणि दुसरीवर पोच घ्या.