अपस्मार, देवी आणि मी

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या सत्राचं नाव 'आजारपण आणि आत्मबळ' असं छापलंय. आत्मबळ या शब्दाची मला जरा धास्तीच वाटते. आजारी बाईचं कौतुक करायचं म्हटलं की हा शब्द येतो, आणि तो आला की तिला तक्रार करायची सोय राहत नाही. तेव्हा मी आत्मबळावर बोलणार नाही. मला चौदाव्या वर्षापासून फिट येतात. मेंदूच्या या आजाराचा माझ्या मनाशी आणि देवाशी काय संबंध लागला, एवढंच सांगणार आहे. देव म्हटल्यावर दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं, ते मला दिसलं. आधी ऐकून घ्या, मग भांडू.

या आजाराला नावं पुष्कळ. फेफरं, मिरगी, आकडी, फिट. पुस्तकी नाव अपस्मार, म्हणजे स्मरण दूर जाणं. चरकसंहितेत अपस्मार वात, पित्त, कफ बिघडल्यामुळे होणारा रोग म्हणून येतो, त्यावर औषधं सांगितलेली आहेत. म्हणजे 'बाहेरचं काही' सोडून शरीरात कारण शोधायची अक्कल आपल्याकडे जुनी आहे. आजचं शास्त्र सांगतं की मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. कधी त्यातल्या पुष्कळजणी एकदम, एकाच वेळी बोलायला लागतात, आणि फिट येते. (आपल्या बैठकांमध्येही असं होतं, पण त्याला औषध नाही.) जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी माणसांना हा आजार आहे, आणि योग्य औषध नियमित मिळालं तर त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत माणसांच्या फिट थांबू शकतात.

माझी फिट कानशिलाच्या आतल्या भागात सुरू होते. तिची एक सूचना असायची. पोटातून काहीतरी वर चढायचं. गूळ करपल्याचा वास यायचा. आणि मग समोरचं सगळं, अंगण, दोरीवरची धुणी, भिंतीवरची पाल, एकदम अतिशय ओळखीचं वाटायचं. हे सगळं असंच असणार होतं आणि मला ते आधीच माहीत होतं, असं. भीती नसायची. उलट इतकं शांत मला एरवी कधीच वाटलं नाही. चारपाच सेकंद हे चालायचं. त्यानंतरचं मला ठाऊक नाही, ते बघणाऱ्यांना ठाऊक.

मी हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "आई आली गं तुझ्याकडं." आजीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. आमच्याकडं, सांगली जिल्ह्यात, पोरीच्या केसात जट झाली तरी यल्लम्माचं बोलावणं समजत, आणि ते बोलावणं आलेल्या पोरींचं पुढं काय झालं हे आजीनं पाहिलेलं होतं. वडील म्हणाले, डोकेदुखी म्हणायचं. म्हणजे आत्याची देवी, आजीची भीती आणि वडिलांची डोकेदुखी, असे माझ्या चार सेकंदांचे तीन अर्थ घरात तयार झाले. मला काय वाटलं ते विचारणारी एक आत्याच होती. तिचा अर्थ चुकीचा होता, पण विचारलं तिनं.

इथं मला चळवळीशी थोडं भांडायचं आहे. आपल्या पथनाट्यांत अंगात येणारी बाई आणि फिट येणारी बाई एकाच झोळीत टाकलेली असते. दोन्ही 'अंधश्रद्धा', दोघींना दवाखान्यात न्या. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अंगात बहुधा माणसांत येतं, हलगीवर येतं, ठरल्या वारी येतं, आणि त्यात बाई बोलते. एरवी जिला कोणी बस म्हणत नाही तिच्या पाया पडतात. फिट मात्र विहिरीवर येते, चुलीपाशी येते, एकटीला येते, आणि त्यात बाई बोलत नाही. आत्यानं मला देवी दिली ती का दिली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तिच्याजवळ मान मिळवून देणारी तेवढी एकच गोष्ट होती, ती तिनं माझ्या आजाराला देऊ केली. ती मी घेतली नाही, पण तिला हसणंही मला जमत नाही.

त्याचा दुसरा चेहराही मला माहीत आहे. भूत उतरवायचं म्हणून बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हे सगळं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं आहे. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर तो आला. फिट येणाऱ्या किती पोरींच्या नाकातोंडात ती मिरची गेली असेल याची मोजदाद कुणी केलेली नाही.

आता लग्नाबद्दल. १९९१ साली माझं लग्न झालं, डोकेदुखीवरच. वडिलांची सक्त ताकीद होती. सासरी पहिली फिट आली ती हरतालिकेच्या पहाटे. दिवसभर पाणी नाही, रात्रभर जागरण, आणि उपासाला चालत नाही म्हणून गोळी नाही. झोप मोडणं आणि गोळी चुकणं हीच फिटची सगळ्यात हमखास कारणं, हे मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. बाईच्या पुण्याची जी जी साधनं आहेत, उपास, जागरण, सगळ्यांच्या आधी उठणं, ती एकेक माझ्या मेंदूला वर्ज्य निघाली.

१९९४ साली नवऱ्यानं लग्न रद्द करण्यासाठी अर्ज केला. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं अशी अट घातलेली होती की वेडाचे किंवा अपस्माराचे झटके वारंवार येणाऱ्या व्यक्तीचं लग्न रद्द होऊ शकतं. अपस्मार आणि वेड एका ओळीत. घटस्फोटात निदान लग्न झालं होतं हे तरी मान्य होतं. इथं कागदानं सांगितलं की ते लग्नच रद्द. तीन वर्षं मी त्या घरात धुणी धुतली, माणसांची उष्टी काढली, एक मुलगी जन्माला घातली. मुलगी कायद्यानं औरस राहिली, ती सोय कायद्यात होती. फक्त तिची आई कधी कुणाची बायको नव्हती. अपस्मारात स्मरण जातं म्हणतात. माझ्या बाबतीत ते कायद्याचं गेलं. १९९९ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही अपस्मार हा शब्द काढला, तेव्हा मला पाच वर्षं उशीर झाला होता. पण आपल्या गटांमध्ये मुली सल्ल्याला येतात त्यांना हे नक्की सांगा. अपस्मार आहे एवढ्यावरून आता लग्न रद्द होत नाही. लपवून लग्न लावलं तर फसवणुकीचा मुद्दा मात्र निघू शकतो, म्हणून मुलीच्या बापाला 'डोकेदुखी' म्हणू देऊ नका.

आता अध्यात्माकडे येते.

फिटमधून परत येणं हळूहळू होतं. डोळे उघडले की आधी वस्तू दिसतात. वर पत्रा आहे, खांब आहे. त्यांना नावं नसतात. मग माणसं दिसतात, तीही कुणाची कोण हे कळत नाही. माझं नाव मला आठवत नाही. मी कुणाची मुलगी, कुणाची सून, कुठल्या जातीची, यातलं काहीच नसतं. मग एकेक परत येतं, आणि प्रत्येक नात्याबरोबर त्याची भीती येते. स्वयंपाक राहिलाय. सासूबाई काय म्हणतील. लुगडं ओलं झालंय. मी कोण हे कळायच्या आधी मला लाज वाटायला लागलेली असायची.

कीर्तनात, प्रवचनात ऐकलंय की 'मी' गळून पडला पाहिजे. ज्यांचा 'मी' लहानपणापासून तुपात वाढला त्यांना ती साधना असेल. मला ती वीसपंचवीस वेळा फरशीवर, जीभ चावून, फुकट मिळालेली आहे. त्यात मोक्ष नव्हता, मैत्रिणींनो. बाईला 'स्वतःला विसर' असं घर सांगतं, धर्म सांगतो, आणि माझा तर मेंदूही सांगत होता. म्हणून माझी साधना उलटी आहे, ती आठवण्याची आहे. शुद्धीवर येताना मी कोणतं नातं आधी आठवायचं हे ठरवता येत नाही, तरी मी एक सवय लावून घेतली. नाव आठवलं की तिथं थांबायचं. ते मनात चारपाच वेळा म्हणायचं. सासरमाहेर त्याच्या मागून येऊ दे. त्या मधल्या जागेत मला जे वाटतं त्याला मी प्रार्थना म्हणते. तुम्हाला दुसरा शब्द सुचला तर सांगा.

अर्ज झाल्यानंतर वर्षभरात एका सरकारी रुग्णालयात मला कार्बामाझेपिन सुरू झालं. फिट कमी होत गेल्या. त्यांच्याबरोबर तो गुळाचा वास आणि ती शांतताही गेली. हे मी आजवर जाहीरपणे बोललेले नाही. डॉक्टरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बाई, तो तर फिटचाच पहिला भाग, गेला हे बरंच झालं. बरोबरच आहे. रशियन कादंबरीकार दोस्तोयव्हस्कीला अपस्मार होता. त्याच्या 'द इडियट'मधल्या नायकाला फिटच्या आधी क्षणभर अशीच विलक्षण शांतता लाभते. ते वाचून मी रडले, कारण आत्यानंतर मला ओळखणारा तो पहिलाच भेटला. मेंदूतल्या विजेनं घडलं म्हणून ते खोटं होतं असं मला वाटत नाही. पोरीला पहिल्यांदा पाजताना जे वाटलं तेही कुठल्यातरी विजेनंच वाटलं असेल. पण ती शांतता हवी म्हणून मी गोळी सोडणार नाही. मला पोर वाढवायची होती. दुःख मात्र झालं, आणि ते आजाराचं नव्हतं, बरं होण्याचं होतं.

शैव परंपरेत नटराजाच्या पायाखाली एक बुटका असतो, त्याचं नाव अपस्मार. शिवानं त्याला मारलेलं नाही, पायाखाली धरून ठेवलंय. डॉक्टर 'आजार काबूत आहे' म्हणतात तो अर्थ इतका नेमका मला दुसरीकडे दिसला नाही. एक रात्र गोळी चुकली की पाय उचलला गेला. फक्त शिवाला त्या पायानं भाकरी थापायला उभं राहावं लागत नाही.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी, कारण दवाखान्यात बायकांना त्या सांगत नाहीत. फिटच्या काही औषधांमुळे, माझं त्यातलंच एक, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात गर्भाला घातक ठरू शकतं. म्हणून मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायचं, आणि घाबरून आपल्या मनानं गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांना निरोगी मुलं होतात.

माझी हरवलेली मिनिटं मला नेहमी दुसऱ्यांकडून कळतात. सासरी कळलं ते असं, की जमलेल्या बायकांनी आधी माझा पदर सारखा केला आणि मग डोक्यातून येणारं रक्त पाहिलं. माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिनं सांगितलं, "आई, तू म्हशीसारखी ओरडलीस, मग मी तुझ्या डोक्याखाली माझी बाहुली ठेवली." इतका खरा वृत्तांत मला कुणी दिला नव्हता.

आज रात्री गाण्यांचा कार्यक्रम आहे. मी दहाला गोळी घेऊन झोपणार आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दालनात माझ्या शेजारी कोण झोपणार ते आत्ताच ठरवू. तिला काम थोडंच आहे. काही झालं तर मला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा नको, चप्पल नको, किल्ल्या नकोत. पाच मिनिटांच्या पुढं गेलं तर गाडी काढायची. पदर नंतर.