रजिस्टरात मी 'गैरहजर'

(वस्तीतल्या विहारात युवकांच्या अभ्यासवर्गापुढे केलेलं भाषण)



मला भाषण येत नाही. उजव्या हाताला बसलेत त्यांनी प्रश्न विचारताना जरा आवाज चढवा, माझा उजवा कान बंद आहे. तो कसा बंद झाला हेही सांगणार आहे, कारण आजचा विषय तोच आहे.

गेल्या आठवड्यात मी बी.ए.च्या प्रवेशाचा अर्ज भरला. वय चौतीस. खिडकीतल्या क्लार्कनं अर्ज बघितला, मला बघितलं आणि विचारलं, "धाकट्या भावाचा काय?" म्हटलं, "माझाच." रांगेत मागं अठरा-अठरा वर्षांची पोरं. एक पोरगी म्हणाली, "काका, जरा सरका ना." सरकलो. तिचा काही दोष नाही, मी काकाच दिसतो.

अर्जात एक रकाना असतो. शिक्षणात खंड पडला असल्यास कारण. दोन इंचाची जागा. या दोन इंचाबद्दल मला बोलायचंय.

2012 साली मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. राहायला मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतीत. रुळाकडेची आमची झोपडी तोडली आणि त्या बदल्यात ही खोली दिली. पक्कं घर मिळालं म्हणून आईनं चाळभर पेढे वाटलेले. खोली दुसऱ्या मजल्यावर. समोरची बिल्डिंग एवढी जवळ, की त्यांच्या फोडणीचा ठसका आम्हाला लागायचा. दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट. ऊन म्हणजे काय ते बघायला खाली उतरायचं आणि रस्ता ओलांडायचा.

जानेवारीत खोकला सुरू झाला. फेब्रुवारीत रक्त पडलं. टी.बी., आणि तोही साधा नाही, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. तेव्हा त्याचा कोर्स चोवीस महिन्यांचा. पहिले सहा-सात महिने रोज इंजेक्शन, कॅनामायसिनचं. या औषधानं कान जाऊ शकतात हे डॉक्टरी पुस्तकात छापलेलं आहे. मला कुणी सांगितलं नाही. कानात शिट्टी वाजायला लागली तेव्हा मला वाटलं, अशक्तपणा असेल. शिट्टी थांबली तेव्हा कानही थांबलेला.

2018 साली एक अहवाल आला. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, पी.एम.जी. कॉलनी या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास. त्यात आलं की जिथं उजेड नाही, वारा नाही, त्या खालच्या मजल्यांवर टी.बी. जास्त. वाचून मी झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर बसून राहिलो. सहा वर्षं मला वाटत होतं की दोष माझ्या छातीत आहे. बिल्डिंगचा नकाशा पास करणाऱ्याच्या डोक्यात तो असू शकतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. झोपडपट्टीत निदान वरचा पत्रा उचकटून ऊन घेता यायचं!

कॉलेज कसं सुटलं? सुटलं म्हणजे मी जायचा बंद झालो. आजार लपवला. मित्र विचारायला आले तर आई दारातूनच सांगायची, "गावाला गेलाय." कॉलेजला एक ओळीचा अर्ज दिला नाही. वर्गातल्या रजिस्टरात महिनाभर माझ्या नावापुढे गैरहजेरी पडली, मग नाव कमी झालं. आज बारा-चौदा वर्षांनी ते रजिस्टर माझ्याबद्दल एवढंच बोलतं. पोरगं येत नव्हतं. आपल्या पोरांबद्दल हे वाक्य बोलायला व्यवस्था टपलेलीच असते, आणि मी ते तिच्या हातात आयतं दिलं.

इथं बाबासाहेबांचं नाव घेतो. भाषणात बाबासाहेब आणले की टाळ्या पडतात. मला टाळ्या नकोत, दोन तारखा सांगायच्यात. 1916 मध्ये बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. 1917 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. पुस्तकं बोटीनं पाठवलेली, ती बोट युद्धात बुडाली. पण निघताना त्यांनी एक काम केलं: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी घेऊन ते निघाले. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून कर्ज घेतलं आणि 1920 मध्ये परत गेले. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला डी.एस्सी. त्यांची अडचण पैशाची होती, माझी फुप्फुसाची; तुलना करत नाही. मी बघतो ते त्यांचं निघणं. दार बाहेरून लोटलं, कडी घातली नाही.

तेव्हा आज कुणी आजारी असेल, कुणाची बहीण असेल, तर लपून घरी बसू नका. कॉलेजला अर्ज द्या, डॉक्टरची चिठ्ठी जोडा, आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच दिल्याशिवाय खिडकी सोडू नका. औषधही आता बदललंय. या जातीच्या टी.बी.साठी सहा महिन्यांची, इंजेक्शन नसलेली उपचारपद्धती केंद्र सरकारनं सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर केली. आहारासाठी निक्षय पोषण योजनेत 2018 पासून महिना 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. हजार रुपयात मुंबईत काय पोषण होतं ते तुम्ही मला सांगू नका, पण हक्काचे आहेत, सोडू नका.

बरा झालो 2014 ला. मग झेरॉक्सचं दुकान, तेही एका कॉलेजच्या दारात. बारा वर्षं दुसऱ्यांच्या मार्कशीटांच्या झेरॉक्स काढल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं नोट्स घेऊन यायची. मशीन चालू असताना मी त्या वाचायचो. राज्यशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम माझा तसाच झालाय, पानामागं एक रुपया वर घेऊन.

आता कागदांचं. माझं पहिलं वर्ष जुन्या वार्षिक पद्धतीचं. क्रेडिट साठवणारी बँक 2021 साली निघाली, आणि तिच्यातल्या क्रेडिटचं आयुष्यही जास्तीत जास्त सात वर्षं. म्हणजे माझं पास झालेलं वर्ष रद्दी. पहिल्यापासून बसणार, बसतो. अपंगत्वाचा दाखला काढायला गेलो. 2016 च्या कायद्यात उच्च शिक्षणात 5 टक्के जागा आहेत, वयात पाच वर्षांची सूट आहे, पण बहिरेपणाची व्याख्या दोन्ही कानांची आहे. माझा एकच गेला. साला, तिथंही अर्धाच पडलो! गॅपच्या प्रतिज्ञापत्रासाठी कोर्टाबाहेरच्या टेबलवाल्यानं पाचशेचा स्टॅम्प पेपर मागितला. शैक्षणिक कामाच्या प्रतिज्ञापत्रांना शासनानं मुद्रांक शुल्क माफ केलेलं आहे. तसं सांगितलं तर म्हणाला, "मग शासनाकडनं टाइप करून घे." टायपिंगचे वेगळे दिले, साध्या कागदावर करून घेतलं.

राहिला तो दोन इंचाचा रकाना. टेबलवाला म्हणाला, "घरगुती अडचण लिही, सगळे तेच लिहितात." घरी आलो तर आई म्हणाली, "टी.बी. नको लिहूस पोरा, लोक लांब बसतील." आईचं ऐकावंसं वाटलं. तिनंच माझं औषधाचं कार्ड चौदा वर्षं स्टीलच्या डब्यात जपलंय, जातीच्या दाखल्याबरोबर घडी घालून. त्या डब्यात नेहमी दोनच कागद. एक दाखवताना मान खाली घालायची नाही, हे आम्ही शिकलो. दुसरा मात्र लपवत राहिलो.

मी लिहिलं: "क्षयरोग, औषधांना दाद न देणारा. 2012 ते 2014. पूर्ण बरा." जागा उरली म्हणून बारीक अक्षरात पुढे लिहिलं: "घरात ऊन नव्हतं."

क्लार्कनं चष्मा वर करून वाचलं. म्हणाला, "हे शेवटचं कशाला? खोडा." म्हटलं, "पोच द्या आधी." शिक्का मारला त्यानं. वयाचंही काढलंच. मी म्हटलं, नियम असेल तर दाखवा. कपाटाकडे बघितलं त्यानं, उठला मात्र नाही.

मंगळवारी कागदपत्रांची तपासणी आहे. आपल्यातली तिघं-चौघं असतील अशी, शाळा-कॉलेज मधेच सुटलेली. आपापले जुने कागद घेऊन या, झेरॉक्स मी फुकट काढून देतो. अकराच्या आत या, नंतर खिडकी बंद होते.