गावचे पीक आणि जगाचे भान

शाळकरी मुलांना जगाचे भान कसे द्यावे, हा आपल्या शिक्षक परिषदेचा विषय. द्राक्षांच्या या नाशिक जिल्ह्यात तो चर्चेला यावा, हे सर्वार्थाने उचित आहे.

2010 साली इथली द्राक्षे युरोपात अडली. बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात, त्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या औषधाचा अंश फळांत सापडला होता. त्याआधी 2007 मध्ये हापूस अमेरिकेला गेला, तो आपल्या लासलगावच्या विकिरण केंद्रातून प्रक्रिया होऊन. 2014 मध्ये फळमाशीमुळे युरोपीय संघाने त्याच हापूसला दार बंद केले आणि पुढच्या वर्षी ते उघडले. म्हणजे जग इथल्या शेतकऱ्याच्या घरात केव्हाच आलेले आहे. शाळेने त्याची दखल घ्यायची बाकी आहे. औषधाच्या अंशाची मर्यादा कोण ठरवते, तिकडच्या आईला आपल्या मुलाच्या ताटातल्या फळाबद्दल कसली काळजी वाटते आणि इथल्या बागायतदाराला तो नियम पाळताना काय सोसावे लागते, हे प्रश्न निफाडच्या आणि रॉटरडॅमच्या मुलांनी एकमेकांना विचारले पाहिजेत. परदेशी सहली, झेंडे, वेशभूषा यांनी कुतूहल जागे होते, हे खरे. पण भान येते ते दोन ठिकाणच्या मुलांनी एकच प्रश्न मिळून सोडवल्यावर. त्यासाठी आपल्या मुलाकडेही सांगण्यासारखे स्वतःचे काही हवे, आणि ते त्याच्या गावातच असते.

हे महागड्या शाळांचे काम आहे, असा आक्षेप नेहमी येतो. पण माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले यांनी संघर्षग्रस्त देशांतील मुलांना एकमेकांशी बोलते केले आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. शिवाय काही उपक्रमांना जेमतेम एक काठी पुरते. 21 मार्चच्या सुमारास, दुपारी सूर्य सर्वांत उंच असतो तेव्हा मीटरभर काठीची सावली नाशिकला सुमारे 36 सेंटिमीटर पडते, तर लंडनला सव्वा मीटर. दोन्ही शाळांनी आकडे कळवले की पृथ्वीचा गोलावा मुलांच्या वहीत उतरतो. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: ज्याला धड वाचता येत नाही, त्याला जग कशाला दाखवायचे? वाचन-लेखनाचा एक तासही यासाठी कमी होऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच वेगळी तासिका नको. भूगोल, विज्ञान आणि भाषा यांच्या तासांतच हे काम बसवावे. दूरचे कोणी वाचणार आहे हे ठाऊक असलेले मूल पत्र अधिक नेटाने लिहिते. ते पत्र आधी मराठीत लिहू द्यावे; भाषांतराला शिक्षक आणि वरच्या वर्गातली मुले आहेतच. मातृभाषेत विचार पक्का झाला, तर मूल आपल्याच गावात उपरे होईल ही भीती उरत नाही.

प्रत्येक शाळेने परतण्यापूर्वी आपल्या गावचा एक प्रश्न निवडावा आणि तो कोणत्या देशातल्या मुलांपुढे ठेवायचा हे इथेच ठरवावे, एवढी विनंती करतो.