तपासणाऱ्या हाताची परीक्षा



मॅमोग्राफी म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी. यंत्र कितीही भारी असो, चित्र घेताना स्तन नीट बसवला नाही तर गाठ चित्राबाहेर राहते. म्हणून ब्रिटनमध्ये तंत्रज्ञांची चित्रे तपासून उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे अशी प्रत ठरवतात.

यंत्राविनाही हेच खरे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून दहावी शिकलेल्या स्त्रियांना हाताने तपासणी शिकवली. त्यांचे काम तज्ज्ञांच्या तपासणीशी ताडून पाहिले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

संकोचापायी कित्येक भगिनी तपासणी टाळतात. आपल्या मुलींना हे शिक्षण द्या. आणि मुलींनो, कामाची परीक्षा म्हणजे अपमान नव्हे; तिच्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.