स्वस्तातली रिव्हॉल्व्हर आणि नियम तीन

(बीड जिल्ह्यातल्या तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



कागदावर माझ्या विषयाला 'आत्मसंरक्षणाचा प्रश्न' असं सभ्य नाव दिलंय. तुमच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. त्यांच्या कमरेला पिस्तूल आहे, आपल्या कमरेला करदोडा. मग आपणही एखादी स्वस्तातली रिव्हॉल्व्हर घ्यावी का? घेतली तर ती वेळेला पुरेल का? हा प्रश्न कुणी टवाळीवारी नेऊ नये. ज्यांच्या घरावर कधी दगड पडला नाही, त्यांनी आपल्याला अहिंसेचं प्रवचन देऊ नये. आपण हा प्रश्न सुताराने फळी तपासावी तसा तपासू. ठोकून, वाकवून, वजन धरून.

आधी बीडचा हिशेब. डिसेंबर २०२४ मध्ये अंजली दमानिया यांनी आकडे चव्हाट्यावर मांडले. बीड जिल्ह्यात शस्त्रपरवाने १२२२. शेजारच्या परभणीत ३२. बीडमध्ये काय वाघ जास्त आहेत? दरोडेखोर जास्त आहेत? नाही. इथं पुढारी, ठेकेदार, वाळूवाले आणि त्यांचे पंटर जास्त आहेत. बोंबाबोंब झाल्यावर २०२५ साली प्रशासनाने शंभराहून जास्त परवाने रद्द केले. गुन्हे दाखल असलेल्या माणसांच्याही हातात सरकारी शिक्क्याची बंदूक होती, हे तेव्हा उघडं पडलं. म्हणजे ही हत्यारं आभाळातून पडली नव्हती. प्रत्येकावर सही होती, शिक्का होता.

आता मस्साजोग बघा. ६ डिसेंबर २०२४. महापरिनिर्वाण दिन. पवनऊर्जा कंपनीच्या आवारात एका दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली. गावचे सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. ९ डिसेंबरला त्यांना उचलून नेलं आणि हाल हाल करून मारलं. बाराशे परवान्यांच्या जिल्ह्यात हा माणूस गोळीने मेला नाही, मारहाणीने मेला. हे नीट लक्षात घ्या. बीडमधली बंदूक बहुतेक वेळा मारायला लागतच नाही. ती दाखवायला लागते. वरातीत हवेत उडवायची, फोटो काढायचा, टेबलावर ठेवून सौदा करायचा. मारायला माणसं आहेत, काठ्या आहेत, गाड्या आहेत. आणि मारून झाल्यावर सांभाळायला वरचा हात आहे.

आपल्या लोकांच्या मरणाचा इतिहासही हेच सांगतो. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबावर जमाव चालून आला. १ जानेवारी २०१३, सोनई.  कुठंही समोर एकटा बंदूकवाला उभा नव्हता. जमाव होता, कट होता, गाव मुकं होतं. आपल्यावरचा हल्ला सिनेमातल्यासारखा एकास एक कधीच नसतो.

आता हत्यार हातात घेऊ. म्हणजे चर्चेसाठी.

पहिल्यांदा तो गावठी कट्टा. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात उमर्टी नावाचं गाव आहे. तिथल्या कट्ट्यांची नावं पेपरात येतात. पोरं म्हणतात, स्वस्त पडतो. स्वस्त पडतो कारण त्याच्या नळीची तपासणी कुणी केलेली नसते. कारखान्यातल्या हत्याराला जास्त दाबाच्या काडतुसाने चाचणी देऊन मग शिक्का मिळतो. कट्ट्याची चाचणी तुमच्या हातात होते. नळी फाटली तर बोटं तुमची. नाही फाटली तर कलम तुमचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बंदूक नुसती जवळ सापडली तरी शस्त्र कायद्यात कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. पोलिसांना चळवळीतलं पोरगं आत घालायला याहून सोपं निमित्त कोणतं? कट्टा विकणारा आणि खबर देणारा पुष्कळदा एकच असतो. तेव्हा कट्टा बाद. त्यावर चर्चा नाही.

दुसरी, परवान्याची. आपल्याकडे साध्या नागरिकाला मिळते ती बहुधा ३२ बोअरची. ९ एमएम, ३८ बोअर ही प्रतिबंधित जात. होय, बंदुकीतही जाती आहेत! २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' काढली. बायकांच्या संरक्षणासाठी म्हणून. सहा गोळ्या, वजन अर्धा किलो, किंमत १,२२,३६० रुपये. थोड्याच काळाने ईशापूरच्या कारखान्याची 'निडर' आली. २२ बोअर, पाव किलो वजन, पस्तीस हजारांच्या आसपास. ही खरी स्वस्तातली.

आता किंमत आपल्या मापाने मोजा. बीडचं माप म्हणजे ऊस. जानेवारी २०२४ मध्ये भांडून भांडून तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. त्या दराने निर्भीकची दहा वर्षांपूर्वीची किंमत म्हणजे ३३४ टन ऊस. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दोन टन तोडतात असं धरलं तर १६७ दिवस. अख्खा हंगाम! तोही पोटात घास न घालता आणि मुकादमाची उचल न फेडता. निडर म्हणजे पन्नासेक दिवस. वर काडतुसं, प्रशिक्षणाचा दाखला, कलेक्टर कचेरीच्या खेपा.

बरं, पैसे आले. हत्यार पुरेल का? २२ बोअरचं काडतूस लहान. त्यातली ठिणगीची दारू बुडाच्या कडेला असते, त्यामुळे ते न उडण्याचा धोका मोठ्या काडतुसापेक्षा जास्त. गोळी उडाली तरी चालून येणारा माणूस जागच्या जागी थांबेल याचा भरवसा कमी. ३२ बोअर त्याहून बरी, पण तीही मोठ्या ताकदीची नव्हे. रिव्हॉल्व्हरचा एक गुण मान्य करू. एक काडतूस फुसकं निघालं तर घोडा पुन्हा दाबायचा, पुढचं काडतूस समोर येतं. यंत्र साधं आहे, अडकत कमी. पण आखूड नळी आणि जड घोडा, म्हणजे आठ-दहा पावलांच्या पुढं नेम सरावाशिवाय लागत नाही. न्यूयॉर्कचे पोलीस पगार घेऊन सराव करतात, तरी चकमकीत त्यांच्या निम्म्याहून कितीतरी जास्त गोळ्या चुकतात. तुम्ही सराव कुठं करणार? काडतुसं मोजून मिळतात आणि चांदमारी आपल्या वस्तीत नाही. सराव नसलेल्या हातातली रिव्हॉल्व्हर म्हणजे अर्धा किलो लोखंड आणि दहा किलो भ्रम.

आणखी घर बघा. दहा बाय बाराची खोली, त्यात आई-बाप, भावाची तीन लेकरं. परवाना घेताना हत्यार सुरक्षित ठेवीन अशी हमी द्यावी लागते. कुलपाची पेटी कुठं ठेवणार? दिवाळीनंतर घरदार ऊसतोडीला जातं. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. फडावरच्या कोपीत पिस्तूल ठेवणार? परवाना बहुधा राज्यापुरता, हद्द ओलांडली की तेच हत्यार गुन्हा. आणि मागं वस्तीत उरतात म्हातारी माणसं आणि पोरं.

शेवटची गोष्ट दुसऱ्या दिवसाची. कायदा आत्मसंरक्षणाचा हक्क देतो. आधी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. मरणाची, जबर दुखापतीची, बलात्काराची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो हक्क टिकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असताना नको. हे कोण ठरवणार? ठाण्यातला अंमलदार पंचनामा लिहिताना ठरवायला सुरुवात करतो. ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली की समोरून दरोड्याची क्रॉस केस पडते, हे आपल्याला पाठ आहे. तुम्ही गोळी झाडली असेल तर क्रॉस केस खुनाच्या प्रयत्नाची. मग अत्याचाराचा खटला मागं पडतो आणि तुम्ही मुख्य आरोपी होता.

काही जण म्हणतील, आपण पँथरचं नाव घेतो आणि बंदुकीला भितो? ज्यांच्यावरून १९७२ मध्ये आपण नाव घेतलं, त्यांचाच इतिहास वाचा. १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगने माँटगोमेरीत पिस्तुलाचा परवाना मागितला. घरावर बॉम्ब पडला होता, तरी नाकारला. १९६४ मध्ये लुइझियानात 'डीकन्स फॉर डिफेन्स' उभे राहिले. त्यांच्यात लढाई पाहिलेले माजी सैनिक होते. ते पाळी लावून वस्तीला पहारा देत. तिथं बंदूक होती, पण बंदुकीआधी संघटना होती. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. भरलेली बंदूक उघड बाळगणं कॅलिफोर्नियात तेव्हा कायदेशीर होतं. काळ्या माणसाने ती बाळगली आणि १९६७ मध्ये कायदाच बदलला. सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगनने. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी बिछान्यात मारलं. घरात बंदुका होत्या. पोलिसांच्या नव्वदच्या वर गोळ्या सुटल्या, आतून एक. राज्यसत्ता समोर असते तेव्हा गोळ्यांची बेरीज कधीच आपल्या बाजूने येत नाही.

आणि महाड? २० मार्च १९२७ ला आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या. तिथं फौजेत नोकरी केलेले महार होते. त्यांना हत्यार नवं नव्हतं, आणि ते पेटलेही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. का? भित्रेपणा म्हणून? ज्या माणसाने समता सैनिक दल उभं केलं, त्याला भित्रा म्हणणाऱ्याची जीभ झडेल. त्यांनी हिशेब केला. हल्लेखोरांवर खटले झाले, काहींना शिक्षा झाली आणि तळ्याचा दावा १९३७ मध्ये हायकोर्टात जिंकला.

मग उत्तर काय? स्वस्तातली रिव्हॉल्व्हर पुरेल का? चोरासाठी, एकट्या मारेकऱ्यासाठी, सराव असलेल्या हातात ३२ बोअर एखाद्या वेळी पुरेल. जमावासाठी, पुढाऱ्यासाठी, ठाण्यासाठी ती पुरणार नाही. मग महागडी पुरेल का? तीही नाही.

आता मी खरं हत्यार दाखवतो. अत्याचार प्रतिबंध नियम, १९९५. नियम तीन. सरकारने अत्याचाराची शक्यता असलेले भाग ओळखायचे. गरज वाटली तर त्या भागातले अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, मित्रांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे आणि ती हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा बंदुका जप्त करायच्या. आणि गरज पडली तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यायचे. हे कुणा पँथरच्या जाहीरनाम्यात नाही, भारत सरकारच्या राजपत्रात आहे! क्रमही बघा. आधी त्यांच्या हातातलं काढा, मग लागलं तर आमच्या हातात द्या. शस्त्र कायद्याचं कलम १४ आणखी सांगतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कुणाचा परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे भूमिहीन ऊसतोड्यालाही अर्ज करता येतो. तरी २०२४ मध्ये बाराशे परवाने त्यांचे, आणि नियम तीन कचेरीतल्या फायलीत धूळ खात.

म्हणून कामं सांगतो, लिहून घ्या.

एक. माहिती अधिकारात अर्ज टाका. तुमच्या तालुक्यात परवाने किती, गुन्हा दाखल असलेल्यांकडे किती, रद्द किती, जमा किती. नियम तीनखाली कोणती गावं ओळखली, तेही विचारा.

दोन. नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता समिती तीन महिन्यांतून एकदा बसली पाहिजे. मागच्या बैठकांची इतिवृत्तं मागा. बसली नसेल तर कलेक्टर कचेरीसमोर आपण बसू.

तीन. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, जो साक्षीदार आहे, त्याच्यासाठी कलम १५ अ खाली लेखी संरक्षण मागा. नाकारलं तर नकार लेखी घ्या. आणि अशा माणसाला परवाना हवा असेल तर नियम तीनचा आधार देऊन उघड अर्ज करा, रांग लावून करा. चोरून कट्टा नाही.

चार. फिर्याद नोंदवून घेण्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कलम ४ लागतं. ते पाठ करा.

पाच. वस्तीवस्तीत पाळी लावा. ऊसतोडीच्या महिन्यांत मागं कोण राहिलं याची यादी करा, दहा फोन नंबर भिंतीवर लिहा. हाक मारली की चाळीस माणसं दहा मिनिटांत जमली पाहिजेत. चाळीस माणसं आणि चालू कॅमेरा बघून जमाव जेवढा मागं सरकतो, तेवढा सहा गोळ्यांनी सरकत नाही.

परभणी विसरू नका. सोमनाथ सूर्यवंशी कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत गेला. कोठडीत कोणती रिव्हॉल्व्हर नेणार होता तो? त्याच्या आईने कोर्टाची पायरी चढली. ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले, आणि जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. न्याय अजून लांब आहे. पण सत्तेला एका निःशस्त्र बाईने उत्तर द्यायला लावलं.

त्यांच्या कमरेचं पिस्तूल उतरवणं, हे आपलं आत्मसंरक्षण. उद्या सकाळी तहसील कचेरी उघडते. पहिला अर्ज तिथं पडला पाहिजे.

जय भीम!