विमानाचा वेग नेमका कोणता?

पालघर-बोईसरच्या आभाळात विमानं आपल्याला नेहमीच दिसतात. आमच्या गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, वर ना मैलाचा दगड, ना झाड, मग पायलटला वेग कळतो कसा? आम्ही माहिती काढली, तर विमानाला एक नाही, चार वेग निघाले!

सातपाटीची बोट डोळ्यांसमोर आणा. बोट बंदरात परततेय, इंजिन तिला पाण्यात 8 नॉटने ढकलतंय, पण ओहोटीचं पाणी 2 नॉटने समोरून येतंय. किनाऱ्यावरून बघणारीला बोट 6 नॉटनेच येताना दिसते. विमानाचं पाणी म्हणजे हवा. पायलटही वेग नॉटमध्येच मोजतात. 1 नॉट म्हणजे तासाला 1.852 किलोमीटर. जमिनीच्या हिशेबाने जो वेग येतो तो भू-वेग, पोहोचायची वेळ त्यावर ठरते. उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात, म्हणून लंडनला जाताना जितका वेळ लागतो त्यापेक्षा मुंबईला परत येताना कमी लागतो.

पंखांना मात्र जमिनीशी देणंघेणं नाही. त्यांच्यावरून हवा पुरेशा जोरात गेली तरच विमान वर राहतं. तो जोर मोजायला विमानाच्या नाकाजवळ पुढे तोंड असलेली छोटी नळी असते. 1732 साली आंरी पितो या फ्रेंच माणसाने अशी नळी सेन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला वापरली, म्हणून ती पितो नळी. मोटारसायकलवर वारा तोंडावर आदळतो, तशी हवा नळीत दाबली जाते. त्या दाबावरून काटा दाखवतो तो दर्शक वेग. तराजूचा पासंग काढतो तशी यंत्राची बारीक चूक काढली की सुधारित वेग.

आणि खरा वेग? 35,000 फुटांवर हवा फार विरळ. तिथे काटा साधारण 270 नॉट दाखवतो, तेव्हा विमान हवेतून 450च्या आसपास पळत असतं. काटा खोटा नाही हं. पंखांनाही तीच विरळ हवा मिळते, म्हणून विमान सावरायला पायलट काट्याकडेच बघतो.

आता कुंभारीण माशी आठवा, कुलपाच्या भोकातसुद्धा मातीचं घर करणारी. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बर्जेनएअरचं विमान समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. विमान बरेच दिवस उभं होतं, नळ्यांना झाकण नव्हतं. अशाच माशीने नळी बुजवली असावी, असा तपासणाऱ्यांचा दाट संशय. कॅप्टनचा काटा वेग जास्त दाखवत राहिला, प्रत्यक्षात विमान मंदावत गेलं. 2009 साली अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या विमानाच्या नळ्यांत बर्फ साचला, तेव्हा 228 जण गेले.

म्हणून उभ्या विमानाच्या नळ्यांना लाल फीत लावलेली टोपणं घालतात आणि उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारून ती काढली का ते बघतात. धावपट्टीवरही, 80 किंवा 100 नॉटच्या सुमारास, एक पायलट आकडा मोठ्याने बोलतो आणि दुसरा आपल्या काट्याशी जुळवतो. जुळला नाही तर तिथेच ब्रेक.